काळ्या गाडीवरच्या उभ्या रेघा

बेळगावच्या वडगावात चारचाकी घ्यायची म्हणजे ती लावायची कुठं यावरून आधी घरात आणि मग शेजाऱ्यांशी भांडण होतं. आमच्याकडे दोन्ही झालं नाही. रस्त्याच्या अंगाला आमची एक लांबडी खोली होती. तिथं आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दोन यंत्रमाग होते. ते भंगारवाल्यानं नेले. मग आम्ही पुढची भिंत पाडून शटर बसवलं आणि गाडी आत आली. माग ज्या बोल्टांवर बसवले होते त्यांची भोकं मी सिमेंटनं बुजवली, पण जमिनीत मुरलेलं तेल बुजवता येत नाही. पावसाळ्यात ते वर येतं आणि येणारेजाणारे विचारतात, नव्या गाडीला गळती लागली काय रं? मी व्हय म्हणतो. कुणाकुणाला काय काय समजावत बसायचं?

माग बंद पडले ते एका साडीच्या मधोमध. साडी चंद्रकळा होती. काळंभोर अंग, लाल काठ, काठात जर. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं एक दिवस निरोप धाडला की हा माल आता कोणी उचलत नाही, बाहेरून येतो तो स्वस्त पडतो, तेव्हा पुढचं सूत नाही. आईनं भरून ठेवलेल्या सुताच्या कांड्या संपेपर्यंत आप्पांनी माग चालवला. पदर यायच्या आत कांड्या संपल्या. त्यांनी कात्रीनं कापड मागावरून उतरवलं, गुडघ्यावर घेऊन घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. बिनपदराची साडी. ती विकता येत नाही, नेसता येत नाही आणि फडकं म्हणून वापरायला मन होत नाही.

शहापूरच्या कापडाच्या पेढ्यांवर आप्पांच्या हाताला नाव होतं. यंत्रमागावरही हात ओळखू येतो हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण येतो. ताण किती धरलाय, तुटलेला धागा कसा जोडलाय, काठ किती सरळ आलाय, यावरून पेढीवरची जुनी माणसं नुसतं बोट फिरवून सांगायची, हा अमक्याचा हात. आप्पा स्वतः याची बढाई मारायचे नाहीत. मात्र दुसरं कोणी ही गोष्ट सांगायला लागलं की तिथून उठून जायचेही नाहीत.

माग गेले आणि आप्पा झोपले. ते आजारी नव्हते. हे आधीच सांगतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. टिळकवाडीतल्या डॉक्टरनं छातीपासून पायापर्यंत सगळं तपासलं आणि म्हणाला, काही नाही, वय झालंय, सकाळी फिरायला पाठवा. चाळीस वर्षं जो माणूस दोन मागांच्या मधल्या बोळकांडीत फिरला त्याला हा म्हणतो फिरायला पाठवा. डॉक्टरचं काही चुकलं नाही म्हणा. त्याच्याकडे तरी दुसरं काय होतं? आप्पा भिंतीकडे तोंड करून पडत. चहा घ्या म्हटलं की घेत, जेवा म्हटलं की जेवत. उठा म्हटलं की विचारत, "उठून काय करू?"

हे ते रागानं विचारत नसत, दुःखानंही नाही. किती वाजले असं विचारावं तसं विचारत. त्याचाच मला राग येई. "काय करू म्हंजे? मानसं काय करत्यात?" असं मी एकदा ओरडलो. ते खरंच विचार करायला लागले. मग म्हणाले, "त्येच तर आठवंना झालंय."

गाडी मी त्यांच्यासाठी घेतली नव्हती. मी निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. रोज बेळगाव ते निपाणी एसटीनं जाऊन येऊन कंबर गेली होती, हे एक कारण. दुसरं कारण आईचं. चाळिशीला टेकलेल्या पोराच्या दारात गाडी दिसली तर एखादं स्थळ येईल, अशी तिची समजूत. स्थळ काही आलं नाही. पण गाडी बघायला आम्ही तिघंही गेलो, कारण आप्पांना घरी एकटं ठेवायची आईला भीती वाटायची. शोरूममधला माणूस पांढरी दाखवत होता, राखाडी दाखवत होता. खुर्चीत बसलेले आप्पा एकदम म्हणाले, "ती काळी."

"काळी?" आई म्हणाली. "शनीला वाहायचीया व्हय गाडी?"

"चंद्रकळा हाय ती," आप्पा म्हणाले.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईला मिळालेली चंद्रकळा आप्पांनी स्वतः विणलेली होती. कित्येक महिन्यांत आप्पांनी काही मागितलं नव्हतं. मी काळीच घेतली. काळ्या गाडीवर धूळ दिसते, ओरखडे दिसतात, ती उन्हात तापते, असं शोरूमवाला बिचारा सांगत राहिला. मी म्हटलं, काळीच द्या.

गाडी घरी आली. लिंबं ठेवली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शटरच्या खोलीतून आवाज आला म्हणून मी गेलो. आप्पा अंघोळ करून, टोपी घालून गाडीजवळ उभे होते. हातात ती बिनपदराची चंद्रकळा. तिची चौपदरी घडी करून ते गाडी पुसत होते. काचेपासून सुरू करून बॉनेटच्या टोकापर्यंत एक सरळ हात, मग हात उचलायचा, पुन्हा वरून सुरू. आडवा हात नाही, गोल हात तर नाहीच. कापडावर हात गोल फिरवला तर धागा सरकतो, हे त्यांनी मला लहानपणी कानाला धरून शिकवलं होतं.

मी पाण्याची बादली आणली तर ते खेकसले. "पानी न्हाय! काळा रंग हाय त्यो. पैल्या पान्यात उतरतोय."

"आप्पा, ह्यो कापडाचा रंग न्हवं."

"रंग त्यो रंग. मला शिकवू नगंस."

मी बादली परत नेली. भांडायचं कशाला? आप्पा उठले होते. आपण होऊन उठले होते, आणि माझ्यावर खेकसले होते. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तिच्याकडे बघितलं तर ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, धूर लई झालाय. गॅसला कसला आलाय धूर!

त्यानंतर ते रोज उठत. पुसून झालं की दोन भाकरी खात आणि दारात खुर्ची टाकून बसत. गल्लीतले त्यांची चेष्टा करत, "काय आप्पा, सुनंचं कवतिक चाललंय व्हय?" आणि ते हसत. आप्पा हसतात हे मी जवळजवळ विसरलो होतो. त्या दिवसांत मला वाटायला लागलं की सगळं ठीक होईल. मला असं फार क्वचित वाटतं आणि जेव्हा वाटतं तेव्हा हमखास फसतं. तरी वाटलं. ते पुसणं चालू राहायला हवं, मग गाडीचं काहीही होवो, एवढं मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं.

ओरखडे पहिल्यांदा दिसले ते निपाणीत, वखारीसमोर, भर दुपारच्या उन्हात. माझ्या शेजारी बसणारा लिपिक चहाला जाताना थांबला आणि वाकून बघायला लागला. "काय रं ह्ये? भांड्याच्या घासणीनं पुसतोस काय गाडी?"

मी बघितलं. सावलीत आरशासारखी दिसणारी गाडी उन्हात पार पिंजून निघाल्यासारखी दिसत होती. बॉनेट, दारं, टप, सगळीकडे बारीक रेघा, हजारो. वर्षसुद्धा झालं नव्हतं गाडीला. मला आधी राग आला, मग तो कोणावर काढायचा हे कळेना, म्हणून मी लिपिकावर काढला. म्हटलं, तुझ्या सायकलीला तरी रंग हाय का आधी बघ. तो हसत चहाला गेला आणि मी उन्हात उभा राहिलो.

घरी मी काही बोललो नाही. माझा बेत सरळ होता. हिंडलग्याच्या रस्त्याला एक डिटेलिंगचं दुकान निघालं होतं. गाडीच्या रंगावरचे ओरखडे मशीननं घासून घालवायचे आणि वर एक कडक थर चढवायचा, हा तिथला धंदा. सर्व्हिसिंगला देतो असं सांगून गाडी तिथं द्यायची, स्वच्छ करून आणायची, आणि आप्पांच्या हातात नव्या मऊ कापडाचा गठ्ठा द्यायचा. शोरूमवाल्यानं फुकट दिलाय म्हणायचं. फुकट म्हटल्यावर आई त्यांना दुसरं काही वापरू देणार नाही, ही माझी खात्री होती. ओरखडे जातील, साडी ट्रंकेत जाईल आणि पुसणं चालू राहील.

दुकानदार हिंडलग्याचाच, शेतकऱ्याच्या घरचा. पुण्यात काम शिकून आलेला. बोलायला मोठा वस्ताद, आणि बोलताना एक डोळा सतत मोबाइलवर, कारण प्रत्येक गाडीचा तो व्हिडिओ काढायचा. त्यानं गाडी आत घेतली, दिवे मालवले आणि हातातला पांढरा झगझगीत दिवा बॉनेटवर तिरका धरला.

"आयला," तो म्हणाला. "अण्णा, ह्ये कसं काय?"

"कसं म्हंजे?"

"मानसं पुसत्यात ती गोल गोल. दिवा मारला की कोळ्याच्या जाळ्यागत गोल रेघा दिसत्यात. ह्या समद्या उभ्या हायत. मशीननं मारल्यागत." त्यानं बोटानं दाखवलं. "ही बारकी हाय ती धुळीची. कोरडं पुसलं की धूळच घासती. पन ही खोल हाय, ही कशाची? तार हुती काय कापडात?"

जर होती. मी म्हटलं, काय की.

गाडी चार-पाच दिवस राहील म्हणाला. पहिल्या सकाळी आप्पा उठले, टोपी घातली आणि शटरच्या खोलीत गेले. गाडी नव्हती. त्यांनी जमीन झाडली. दुसऱ्या दिवशीही झाडली. आई मला म्हणाली, "लवकर आन बाबा ती गाडी. जमिनीची साल काढत्यात ते." रविवारी मी काम कुठवर आलंय ते बघायला निघालो तर आप्पा दारात तयार उभे. धुतलेलं धोतर, खांद्याला पिशवी.

"कुठं?" मी विचारलं.

"तिथं पुसतंय कोन तिला?" ते म्हणाले. पिशवीतून चंद्रकळेचा काळा कोपरा दिसत होता.

नको म्हणायला मला कारण सुचलं नाही. खरं म्हणजे पुष्कळ सुचली, पण त्यांचा चेहरा बघून एकही बोलवेना. माग बंद झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या मनानं उंबरा ओलांडत होता. रिक्षात ते पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि रस्त्यावरच्या काळ्या गाड्या मला दाखवत राहिले, "बघ, कुनी पुसत न्हाय. कशी ठेवलीया बघ." मी हूं हूं करत होतो. मला वाटलं होतं, वाटेत सांगू. मग वाटलं, दुकानाच्या बाहेर त्यांना चहा पाजू आणि मी एकटाच आत जाऊन येऊ. चहाचं दुकान रविवारचं बंद होतं.

दुकानदारानं बॉनेटच्या बरोबर मधून कागदी पट्टी चिकटवली होती. उजवी बाजू घासून पूर्ण झालेली, डावी तशीच. गिऱ्हाईकाला फरक दाखवायची ही त्यांची पद्धत. आम्हाला बघताच तो खूश झाला. म्हाताऱ्या माणसासमोर काम दाखवायला त्याला जास्तच उत्साह आला असावा. "या आप्पा, या. बघा आता गंमत." त्यानं दिवा उजव्या बाजूवर धरला. काळा रंग पाण्यासारखा खोल, एक रेघ नाही. मग दिवा डावीकडे नेला.

"हे बघा. गाडी लई नवी हाय, पन पुसनाऱ्यानं वाट लावली. जरीचं कापड घेतलं असनार, दुसरं काय न्हाय. अण्णा, मी तुमास्नी सांगतो, ज्यो कोन गाडी पुसतोय त्येला आधी हाकलून द्या."

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो, पण खोलीत अंधार होता आणि दिवा बॉनेटवर होता. आप्पा पुढं झाले, वाकले आणि डाव्या बाजूवर तर्जनी टेकवली. पेढीवरची माणसं काठावरून फिरवायची तसं बोट त्यांनी वरून खाली हळूहळू आणलं, मग शेजारून दुसऱ्यांदा. दिव्याखाली त्या रेघा इतक्या सरळ आणि एकसारख्या होत्या की मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, लावल्यासारखं दिसत होतं.

"ह्यो माझा हात हाय," आप्पा म्हणाले.

त्यांच्या आवाजात लाज नव्हती, निदान त्या क्षणी तरी नव्हती. ओळख पटल्याचा आवाज होता तो. लाज मागून आली. ती मी त्यांच्या चेहऱ्यावर येताना बघितली आणि ती मी कधी विसरेन असं मला वाटत नाही. त्यांनी बोट उचललं, धोतराला पुसलं आणि हात मागं घेतले.

दुकानदार चांगला माणूस होता. त्यानं जीभ चावली, खुर्ची आणली, पाणी दिलं. "तसं न्हवं आप्पा, समद्यांच्याच गाडीवर पडत्यात. नवी हाय, जातंय समदं. बघा तुमच्यासमूर घालवतो." आणि त्यानं मशीन सुरू केलं. त्याला वाटलं, यानं म्हाताऱ्याला बरं वाटेल. मलाही कदाचित तसंच वाटलं असावं, नाहीतर मी त्याला थांबवलं असतं. मशीनची गोल चकती डाव्या बाजूवरून हळूहळू फिरायला लागली. आप्पा खुर्चीत बसून बघत होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. दुकानदार मधेमधे थांबून पुसायचा, दिवा मारायचा, आणि तिथल्या रेघा गेलेल्या असायच्या.

"कुठं गेल्या?" आप्पांनी विचारलं.

"कुठं न्हाय जात आप्पा. रेघ भरता येत न्हाय. रंगाच्या वर एक काचंगत थर असतोय, केसाहून बारीक. रेघ जेवढी खोल, तेवढा भोवतीचा चांगला थर घासून खाली आनायचा. समदं एका पातळीला आलं की रेघ दिसत न्हाय."

मशीन पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं.

"म्हंजी चांगलं हुतं तेवढं कमी केलं," ते म्हणाले.

"तसंच म्हना."

"आनि परत रेघा पडल्या तर?"

"परत घासायचं. दोन-तीन डाव चालतंय. मग थरच संपतोय. म्हनून तर म्हनतो, हात लावू नका. वर आता मी कडक थर चढवतोय, नुसतं पान्यानं धुवायची."

"पान्यानं," आप्पा म्हणाले. "रंग उतरत न्हाय व्हय?"

"न्हाय ओ, गाडीचा कसा उतरंल?" दुकानदार हसला. कोणीही हसलं असतं. मीही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

रिक्षात परत येताना आप्पांनी एकही काळी गाडी दाखवली नाही. घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून चंद्रकळा काढली, उजेडात धरली आणि काठ अंगठ्यानं चोळून बघितला. आईला म्हणाले, "चांगलं कापड अंगाला टोचत न्हाय. ह्ये ओरखडं काढतंय, आनि आपल्याला दिसलं न्हाय." आई म्हणाली, "अंगाला नेसायचं कापड ते, लोखंडाला कशाला कळतंय?" याहून शहाणं त्या दिवशी कोणी बोललं नाही. पण आप्पांनी ऐकलं नाही. साडी पुन्हा ट्रंकेत गेली.

गाडी घरी आली तेव्हा ती शोरूममधून आणली त्या दिवसापेक्षा जास्त चमकत होती. दुसऱ्या दिवशी आप्पा उठले. मला आशा वाटली. ते शटरच्या खोलीत आले, हात पाठीमागं बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाले, "पान्यानं धुवायची न्हवं आता?"

"व्हय. पन ह्ये मऊ कापड हाय आप्पा, पुसायला. शोरूमवाल्यानं दिलंय. ह्येनं काय हुईत न्हाय."

त्यांनी ते कापड हातात घेतलं, उलटसुलट केलं. "ह्यात ताना न्हाय, बाना न्हाय," म्हणाले आणि माझ्या हातात परत दिलं. "तूच धू." आत जाऊन ते झोपले. भिंतीकडे तोंड करून.

मी सगळं करून बघितलं. ट्रंकेतून चंद्रकळा काढून त्यांच्या उशाशी ठेवली. म्हटलं, "आप्पा, ह्येनंच पुसा. पडू द्यात रेघा. गाडी माझी हाय, मला चालतंय." विनवणी करून म्हटलं, ओरडून म्हटलं. ते म्हणाले, "तुला चालतंय रं." बस, तेवढंच. टिळकवाडीचा डॉक्टर पुन्हा म्हणाला, फिरायला पाठवा. आईनं आता त्यांना उठा म्हणणं सोडलंय. ती चहा नेऊन देते, कप घेऊन येते. मला कळतं की यातून आता मार्ग नाही. आशेनं बोलणारी माणसं घरी येतात तेव्हा मी त्यांना चहा पाजतो आणि लवकर वाटेला लावतो.

सकाळी आता मीच पुसतो. कोरडी, त्याच चंद्रकळेनं. दुकानदारानं जे जे करू नका सांगितलं ते सगळं करतो. मुद्दाम शटर धाडकन उघडतो, मुद्दाम खाकरतो. आप्पा झोपतात ती खोली या भिंतीच्या पलीकडेच आहे. त्यांनी उठून यावं, माझ्या हातातून कापड हिसकावून घ्यावं, चार शिव्या द्याव्यात, याशिवाय मला त्या गाडीकडून आता काही नको आहे. निपाणीचा लिपिक म्हणतो, परत सुरू केलंस काय रं घासायला? मी व्हय म्हणतो.

गेल्या आठवड्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "उभं पूस."

मी कापड टाकून आत धावलो. आप्पा होते तसेच पडलेले, तोंड भिंतीकडे. डोळे उघडे होते. उठायचं त्यांच्या मनात नव्हतं, ते मला त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं. तरी थोडा वेळ उभा राहिलो. मग म्हटलं, "उभंच पुसतोय आप्पा."

मी परत आलो आणि खाली पडलेली चंद्रकळा उचलली. शटरमधून ऊन तिरकं आत आलं होतं, बॉनेटवर सरळ पडत होतं. माझ्या हाताच्या नव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. सगळ्या गोल होत्या.